व्याध उगवण्याआधी

मुलांना आकाश दाखवायचे तर दुर्बिणीपेक्षा शिक्षक जास्त लागतात, हे मला पहिल्याच खेपेला कळले. दुर्बीण एकच होती, तीन इंची, पितळी नळीची. गंगापूर रोडला पेरूच्या बागांत बंगला बांधून राहिलेल्या एका निवृत्त इंजिनियरांनी ती आमच्या मुलींच्या शाळेला दिली होती. दुर्बिणीला एका वेळी एकच डोळा लागतो. उरलेली ऐंशी-नव्वद मुले तोवर एकमेकांना चिमटे काढतात, जाजमाखालचे खडे उपसून अंधारात फेकतात. पहिल्या आकाशदर्शनाला मोठी माणसे म्हणजे मी आणि आमचा शिपाई, एवढीच होतो. त्याने शेवटी तिघांना कंदिलाच्या दांडीने बडवले, एकाचा दात पडला आणि कार्यक्रम संपला.

ही गोष्ट १९३०नंतरच्या वर्षांतली. मी पस्तिशीला आले होते, शाळेत गणित आणि भूगोल शिकवत होते आणि प्रत्येक कामाची यादी करत होते. ती सवय अजून आहे. दुसऱ्या दिवशी यादी केली. जाजमे चार. कंदील सहा, त्यांना लाल पतंगी कागद, म्हणजे डोळे दिपत नाहीत. पिण्याचे पाणी. आणि शिक्षक आठ. पहिल्या तीन गोष्टी एका दुपारी झाल्या. शिक्षकांना महिना लागला.

मुलांच्या चार शाळांत मी मधल्या सुट्टीत गेले. पहिल्या शाळेत एक मास्तर चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "बाई, दिवसभर यांना बडवून हात भरून येतो. आता अंधार पडल्यावरही बडवायचं म्हणता?"

"बडवायला नाही बोलावत. चांदण्या दाखवायला बोलावते."

"त्या तर आम्ही वर्गातच दाखवतो," दुसरे म्हणाले. "कानाखाली एक दिली की दिसतात."

सगळे हसले. मीही हसले. तेव्हा शाळेत मारणे हे फळा पुसण्याइतके रोजचे होते. कुणाची वेताची, कुणाची निरगुडीची, कुणाची चिंचेची, असे मास्तर आपापल्या छडीबद्दल बोलत. एक मास्तर छडीला तेल लावून ठेवत. छडी पडली की वर्गाने मोठ्याने आकडा म्हणायचा, एक, दोन, तीन, अशी बऱ्याच वर्गांत पद्धत होती. माझ्या वर्गात मी पट्टी वापरायचे. फार नाही, पण वापरायचे.

खरी अडचण त्यांनी नंतर सांगितली. त्यांना आकाश येत नव्हते. "आमच्या ट्रेनिंगात भूगोल होता, खगोल नव्हता," एक जण म्हणाले. "मुलानं काही विचारलं आणि आलं नाही, तर आमची लाज जाईल."

"मी शिकवीन. रविवारी चार वाजता, आमच्या शाळेत."

"बाईमाणूस मास्तरांना शिकवणार?"

"हो. उशीर करू नका."

आठ जण आले. रविवारी दुपारी चारला आकाशात सूर्याशिवाय काही नसते, म्हणून मी एक मोठी काळी छत्री घेतली आणि आतून खडूने नक्षत्रे काढली. कृत्तिका, रोहिणी, मृग, पुनर्वसू, आणि मृगाच्या तीन चांदण्यांच्या बाणाच्या रेषेत व्याध. छत्री उघडून डोक्यावर धरायची आणि दांडा फिरवायचा. चेष्टा करणारे मास्तर म्हणाले, "बाई, पावसात धुऊन जाईल हो तुमचं आकाश." पण शिकले. तीन रविवारांत शिकले.

त्यांत एक मास्तर सर्वांत चिकाटीचे. चाळिशीचे, किरकोळ अंगाचे, मूळचे नामपूरकडचे. नाशकात येऊन वीस वर्षे झालेली, बोलणे अगदी पुणेरी शुद्ध. ते पावणेचारला येऊन बसत, वहीवर रेघा आखून आणत आणि छत्री घरी नेऊ का म्हणून विचारत. शाळेत सर्वांत कडक तेच, असे बाकीचे सांगत. त्यांच्या वर्गात दर तपासणीला एकही मूल नापास नसे. डेप्युटीसाहेबांचा शेरा त्यांना पाठ होता.

माझ्या शिकवणीच्या यादीत एकूण आठ कलमे होती. सातवे कलम होते, तारे उगवणे आणि मावळणे. तिसऱ्या रविवारी वेळ संपली. आठवे कलम मुलांना रांगेत बसवण्याचे होते, ते मला जास्त गरजेचे वाटले. मी सातवे सोडले आणि आठवे घेतले.

शिवाय मी एक तक्ता केला. मास्तरांना धीर यावा म्हणून त्यांच्या ओळखीचा. डावीकडे मुलांची नावे, वर बारा तारे आणि नक्षत्रे, मधे चौकटी. मुलाने तारा दाखवला तर बरोबरची खूण, नाही तर फुली. प्रत्येक मास्तरला बारा मुले आणि एक तक्ता. तक्ता हातात पडताच आठही जणांचे चेहरे खुलले. काय करायचे ते आता त्यांना कळले होते. मला वाटले, मी काम फत्ते केले.

कार्यक्रम त्या इंजिनियरांच्या बंगल्याच्या आवारात, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या अलीकडच्या शनिवारी, रात्री साडेआठ ते दहा ठरला होता. बारा तारे मी नऊ वाजताच्या आकाशावरून निवडले होते. चार दिवस आधी पालक कुरकुरू लागले. बागांत बिबट्या येतो, मुले नऊच्या आत घरी हवीत. मी वेळ बदलून सात ते साडेआठ केली, चारही शाळांना चिठ्ठ्या पाठवल्या, टांगेवाल्याला कळवले, शिपायाला सांगितले. तक्ता तसाच राहिला.

त्या संध्याकाळी थंडी कडक होती. मी दुर्बिणीपाशी होते. मुले रांगेने येत, शनीसारखे काही दिसेल या आशेने डोळा लावत आणि चांदण्यांचा पुंजका पाहून "एवढंच?" म्हणत. पाठीमागे जाजमांवर आठ टोळ्या बसल्या होत्या, आणि मागच्या खेपेसारखा गोंगाट नव्हता. मला फार बरे वाटले. अंधारातून हलके आकडे ऐकू येत होते, एक, दोन, तीन, चार. कृत्तिकांत किती चांदण्या दिसतात ते मोजणे हे तक्त्यातले दुसरे काम होते. मोजताहेत, म्हटले.

मग मला प्रत्येक आकड्याआधीचा सपकारा ऐकू आला.

मी शेजारच्या मास्तरांना विचारले, "छड्या आणल्यात का?"

"मग काय हात हलवत यायचं?" ते म्हणाले. "चालू द्या, बाई. बघा किती शांत बसलीत."

हे मला स्पष्ट लिहायला हवे. मी चालू दिले. पुढे अजून चाळीस मुले रांगेत होती, मुले शांत होती, आणि ती शांतता माझ्या सोयीची होती. मी पुढच्या मुलाला म्हटले, डोळा लाव.

साडेसातचा सुमार असेल. नामपूरकडच्या मास्तरांचा आवाज मोठा झाला. त्यांची टोळी माझ्यापासून दहा पावलांवर होती, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

"व्याध दाखव."

"नाही गुरुजी."

"नाही म्हणजे काय? येत नाही?"

"येतो. पण नाहीये तो."

"कुठं गेला? सासरी?"

मुले हसली. मुलगा हसला नाही. "आकाशात नाहीये, गुरुजी."

"बाईंनी यादीत लिहिलाय, छत्रीत काढलाय, आणि तुला नाहीये? उलटं बोलतोस?" सपकारा आला. एक, मुले म्हणाली. "मान वर कर. वर बघून दाखव." दुसरा आला. दोन. "वर बघ म्हणतो ना."

मुलाने मान वर केली असणार. उजेडात मास्तरला हात दिसतो आणि छडी तळहातावर पडते. अंधारात ती कुठे पडेल ते मास्तरलाही ठाऊक नसते. तिसऱ्या सपकाऱ्यानंतर आकडा आला नाही. मुलगा ओरडलाही नाही. आधी एक श्वास आत ओढल्याचा आवाज आला, आणि मग बसल्या जागी कुणी तरी जमिनीवर डोके आपटत असल्यासारखा.

मी धावले. मुलगा दोन्ही हात डोळ्यावर दाबून गुडघ्यांत वाकला होता. कंदील जवळ धरला तर बोटांतून काही ओघळताना दिसले. लाल कागदाच्या उजेडात रक्ताचा रंग दिसत नाही. मला वाटले, डोळ्यातले पाणी आहे. म्हटले, रडू नको, हात काढ. मग मी कंदिलावरचा कागद फाडला. मनगटांपर्यंत रक्त होते, सदरा छातीवर भिजला होता. मुलांनी एकदम मागे सरकून जागा केली. मास्तर छडी हातात घेऊन तसेच उभे होते. ती त्यांच्या हातून मी ओढून घेतली, तरी त्यांची मूठ मिटलेलीच राहिली.

टांग्यात मुलगा त्यांच्या मांडीवर होता. मी समोर बसले होते. मास्तर सारखे म्हणत होते, "पापणीले लागनं शे. डोयाले काही नही शे. पापणीले लागनं शे." वीस वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली कुणी ऐकली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा धुतला, औषध घातले, पट्टी बांधली. "बुबुळावर चीर आहे," ते म्हणाले. "डोळा राहील की जाईल, आत्ता सांगता येत नाही. तीन दिवसांनी पट्टी सोडू."

मुलाचे वडील तांबट. भांडी ठोकून घडवणारे, तांबटांच्या आळीतच घर आणि खाली दुकान. मुलाला घरी पोचवायला मास्तर आणि मी दोघेही गेलो. मास्तर घाबरलेले होते. घाबरलेला माणूस जे आधी सुचेल ते बोलतो. ते म्हणाले, "उलटं बोलला. म्हणून छडी उगारली, ती चुकून लागली."

वडिलांनी पट्टी पाहिली, मग मुलाकडे पाहिले. "मास्तरांना उलटं बोललास?" आणि दुसऱ्या गालावर अशी लगावली की मुलगा दाराच्या चौकटीवर जाऊन आदळला. मुलाची आई आतून धावली. वडिलांनी आम्हांला गूळ-पाणी विचारले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तक्ता घेऊन शाळेच्या गच्चीवर गेले. मुलगा नेमके काय चुकला ते पाहायचे होते. कृत्तिका होत्या. रोहिणी होती. मृग पूर्वेला नुकता वर आला होता, बाण खाली रोखलेला. बाणाच्या रेषेत पाहत गेले तर नजर झाडांत शिरली. साडेसात झाले. पावणेआठ. मी तिथेच उभी राहिले. व्याध झाडांच्या वर आला तेव्हा सव्वाआठ झाले होते.

नऊ वाजता तो आकाशात असतो. साडेसातला नसतो. मी वेळ बदलली होती, तारे बदलले नव्हते. आणि मास्तर आकाश छत्रीवरून शिकले होते. छत्रीत व्याध कधी मावळत नाही. मुलगा आळीतल्या उघड्या माळ्यावर झोपत असे, तारे उगवताना रोज पाहत असे, हे मला नंतर कळले. त्याने बरोबर उत्तर दिले होते. नव्वद मुलांत बहुधा त्या एकट्यानेच.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मास्तरांच्या शाळेत गेले. अंगणात त्यांना बाजूला घेऊन सांगितले. त्यांनी तक्ता हातात घेतला, बारकाईने पाहिला. "बाकी अकराही मुलांनी दाखवला हो व्याध," ते म्हणाले. "मारल्यावर बोट दाखवलं त्यांनी. मी खुणा केल्या."

"कशाकडे बोट दाखवलं?"

त्यांनी तक्ता मला परत दिला.

तेवढ्यात फाटकातून मुलाचे वडील आणि त्यांचे दोन भाऊ आत आले. ते सरळ दवाखान्यातून येत होते. पट्टी सोडली होती. वडील मास्तरांसमोर येऊन थांबले. आवाज चढवला नाही.

"कातडं तुमचं, हाडं आमची, असं सांगून पोर तुमच्या हाती दिलं," ते म्हणाले. "डोळ्याचं काही ठरलं नव्हतं."

मास्तर म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले?"

उत्तर धाकट्या भावाने दिले. दिवसभर हातोडी चालवणारा हात होता तो. मास्तर पहिल्याच फटक्यात पायरीवर कोसळले. दुसऱ्या भावाने वर्गातून छडी आणली आणि पाठीवर चालवली. खिडक्यांत मुले जमली होती. पहिली छडी पडली आणि वर्गातून आवाज आला, "एक." मुलांनी मुद्दाम केले असे मला वाटत नाही. छडी पडली की आकडा म्हणायचा, एवढेच त्यांना माहीत होते. दोन. तीन. चार. सगळी शाळा म्हणू लागली. सातला छडी मोडली. मग धाकट्याने मास्तरांचा उजवा हात पायरीच्या कडेवर धरला आणि वरून टाच मारली. मोडल्याचा आवाज खिडक्यांपर्यंत गेला असावा, कारण आकडे थांबले.

मी चार हातांवर उभी होते. तक्ता माझ्या हातात होता. "चूक माझी आहे, वेळ मी बदलली," एवढी सहा शब्दांची गोष्ट होती. हेडमास्तर दारातून म्हणाले, "बाई, तुम्ही आत या." मी आत गेले.

पुढच्या रविवारी मी आठही जणांना बोलावले. सातवे कलम शिकवले, उगवणे आणि मावळणे. मग सांगितले की तक्ता रद्द, परीक्षा नाही, आणि छड्या फाटकातच ठेवायच्या.

"छडीशिवाय शंभर पोरं अंधारात सांभाळायची?" चेष्टा करणारे मास्तर म्हणाले. आता ते चेष्टा करत नव्हते. "उद्या आमचाही हात मोडायला येतील ते."

"छडी नसली तर कशाला येतील?"

"बाई, तुम्हांला कुणी हात लावला नाही. म्हणून बोलता."

पाच जण उठून गेले. तिघे राहिले, त्यांत हात गळ्यात बांधलेले नामपूरकडचे मास्तर. ते पूर्ण वेळ भिंतीकडे पाहत होते. जाताना म्हणाले, "त्याच्या घरी मी जाऊ शकत नाही. तुम्ही जाल?"

मी गेले तोवर तीन आठवडे होऊन गेले होते. डॉक्टरांनी शेवटचे सांगितले होते, त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढेच कळेल.

आळीत शिरले की कान बंद होतात. दुतर्फा दुकाने, प्रत्येकात तीन-चार हातोड्या. वडील ऐरणीवर हंडा धरून बसले होते. मी बोलले ते त्यांना ऐकू गेले नाही. मग मला ओरडूनच सांगावे लागले, साऱ्या आळीत, की तुमचा मुलगा उलटे बोलला नव्हता. तारा खरेच उगवला नव्हता. वेळ मी बदलली, यादी बदलायला विसरले. मास्तरांना ते माहीत नव्हते.

जवळच्या दुकानांतल्या हातोड्या थांबल्या. लांबच्या चालू राहिल्या.

"म्हणजे तो खरं बोलला," वडील म्हणाले.

"हो."

"आणि तो घरी आल्यावर मी त्याला वरून एक दिली."

त्यांनी हंडा खाली ठेवला.

"त्या दिवशी अंगणात तुम्ही होतात. तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरले."

त्यांनी हातोडी उचलली. मला वाटले, आता मारतील. मारले असते तर बरे, असेही वाटले. त्यांनी मान वळवून मुलाला हाक मारली. तो मागून आला. पट्टी नव्हती. बुबुळावर दुधासारखा पांढरा डाग होता.

"बाई काय सांगताहेत ते ऐक."

मी पुन्हा सांगितले, आता त्याला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मला माहीत होतं."

"शाळेत परत ये," मी म्हटले. "तुला कुणी हात लावणार नाही. मी स्वतः बघेन."

"शाळा झाली त्याची," वडील म्हणाले. "आता हेच काम. बस रे."

मुलगा ऐरणीसमोर बसला. तांब्याच्या हंड्यावर बारीक हातोडीने ठोके देत खळगे पाडत जायचे, त्याला मठारणे म्हणतात. हंडा एकाने धरायचा, ठोका दुसऱ्याने द्यायचा. वडिलांनी हंडा धरला. मुलाने हातोडी उचलली, नेम धरला आणि मारली. दोन डोळ्यांनी अंतर कळते, एकाने कळत नाही. हातोडी हंड्याच्या कडेवरून घसरून वडिलांच्या अंगठ्यावर बसली.

वडिलांनी हात झटकला, अंगठा तोंडात घालून रक्त चोखले आणि थुंकले. मुलगा खांदे आक्रसून, मान खाली घालून थांबला होता. वडिलांनी हात उचलला. मुलाने डोळा मिटला.

त्यांनी त्याच हाताने हंडा पुन्हा ऐरणीवर नीट बसवला, तिथेच धरला आणि म्हणाले, "मार."